उकिरड्याचा तळ

शालूआक्का बसलेली आहे, असं चित्र माझ्या डोळ्यांसमोर कधी येत नसे. तिचं आणि आमचं घर पाठीला पाठ. दोन्ही परड्यांच्या मध्ये कमरेएवढी दगडी भिंत. लग्न होऊन या गावात आले तेव्हापासून त्या भिंतीवरून मी तिला बघत आले, आणि बघितली ती उभीच. चहा उभ्यानं प्यायची. भाकरीचा तुकडा उभ्यानं मोडायची. देवळात आरतीला आली तरी खांबाला टेकून उभी. "आक्का, पाय दुखत न्हाईत व्हय?" असं विचारलं, की म्हणायची, "बसलं की उठाय लागतंय. त्यापरास उभंच बरं."

आमचं गाव रहिमतपूरच्या पलीकडं, कॅनॉलच्या काठाला. उसाचं गाव, आणि घरटी एक माणूस मिलिटरीत. आक्काचा नवरा नानासो मिलिटरीतच होता. पेन्शनीवर घरी आला आणि थोड्याच वर्षांत गेला. त्याच्या मागं मुलगा विश्वजित भरती झाला, आता हवालदार आहे. सून सृष्टी जवळच्या शाळेत शिकवते. ऊस भावकीतला एक पुतण्या बघतो. आक्काच्या हाताखाली राहिलं ते परडं, आणि परड्यातला गोठा.

तो गोठा म्हणजेच तिचा दिवस. एके काळी त्या दावणीला बैलजोडी होती, गाय होती, दोन म्हशी होत्या. ट्रॅक्टर आला आणि बैल गेले. गाय म्हातारी होऊन गेली. शेवटी भुरी एकटी राहिली. भुरी म्हणजे म्हैस, रंगानं जरा तांबूस, एक शिंग खाली वळलेलं. उठल्या उठल्या शेण काढायचं, धार काढायची, वैरण टाकायची, शेणी थापायच्या, पेंडीचं आंबवण भिजत घालायचं, दुपारी पाणी दाखवायचं, की परत शेण आणि परत धार. या सगळ्यात तिचं भुरीशी बोलणं चालू असायचं. भिंतीअलीकडं मी भांडी घासत असले की मला वाटायचं, मलाच बोलते. "आगं, सरक की जरा! सगळी वाट अडवून उभारलीस. पाटलीण लागून गेलीस का?" मी दचकून सरकायची.

गेल्या वर्षी गणपतीच्या आधी आक्का गोठ्यात घसरली. खाली गुळगुळीत फरशी, त्यावर मूत आणि पाणी. हात मनगटात मोडला आणि कंबर अशी धरली, की उठता येईना. सृष्टी शाळेत, मी बाजाराला. आक्का तशीच भुरीच्या पायाशी पडून राहिली. मी परत आले, हाक ऐकली आणि भिंतीवरून उडी टाकून गेले. बघते तर भुरी चारी पाय रोवून उभी, मान वळवून खाली बघत. आक्काला उठवून बसवली तर तिनं आधी सांगितलं ते हे, "बघ गं, एक पाय उचलला न्हाई बयेनं. माश्या बसल्या तरी न्हाई उचलला."

विश्वजितला हे फोनवर कळलं. त्याच्या मनात राहिलं ते एवढंच, की आई म्हशीच्या पायाखाली पडली होती.

माघात तो सुट्टीवर आला तो ठरवूनच आला. त्या दिवशी मी त्यांच्याकडं विरजण मागायला गेले होते. विश्वजित आईपुढं मोबाइल धरून बसला होता. आक्का अर्थातच उभी.

"आई, हे बघ. चार खांब, वर कौलं, चारी बाजूनं उघडं. कडंनं बसायला कट्टा. सकाळचं ऊन, संध्याकाळचं वारं. निवांत बसायचं आणि चहा प्यायचा."

आक्कानं डोळे बारीक केले. "मांडव हाय व्हय? कुणाचं लगीन काढलंस?"

"गझिबो म्हणतात आई त्याला," सृष्टी आतून म्हणाली.

"असंल बाई. पर घालायचा कुठं?"

विश्वजितनं मोबाइल तिच्या आणखी जवळ धरला. मग एका दमात म्हणाला, "परड्यात. गोठा काढायचा. तेवढीच जागा हाय बघ मोकळी."

"आन् भुरी?"

"तिला बाजार दाखवू."

माझ्या हातात रिकामी वाटी, तिचं काय करावं मला सुचेना. आक्कानं मोबाइलवरचं चित्र परत एकदा बघितलं आणि म्हणाली, "बरं."

दुसऱ्या दिवशी ती भिंतीपाशी आली. मी विचारायच्या आधीच म्हणाली, "लेकरू भिलंय गं. भिलेल्या माणसाला न्हाई म्हणू ने." आणि वैरण टाकायला वळली.

विश्वजित परत ड्यूटीवर जायच्या आधी सगळं लावून गेला. कृष्णात मिस्त्रीला काम दिलं. ठरलं असं, की मंडप होईतोवर भुरी धोंडुबाईच्या वस्तीवर ठेवायची आणि वैशाखात तो वास्तूला आला की तिला बाजाराला न्यायची. धोंडुबाईची माणसं मूळची माणदेशातली, मेंढरं घेऊन दर साल इकडं यायची. आता कॅनॉलच्या कडेला तुकडा घेऊन तिथंच राहिली आहेत. आक्काचं आणि तिचं जुनं सख्य. ती भुरीला न्यायला आली तेव्हा आक्कानं दावं तिच्या हातात दिलं.

धोंडुबाई बघतच राहिली. आमच्याकडं जनावर विकलं की दावं देत नाहीत. घेणाऱ्यानं आपलं दावं आणायचं, आणि जुनं दावं घरातच ठेवायचं, नाहीतर जनावराबरोबर घरची बरकतही जाते म्हणतात.

"आगं, दावं बी देतीस?"

"इकली कुठं हाय अजून," आक्का म्हणाली. "इकीन तवा ठेवीन काढून."

भुरी गल्लीच्या वळणापर्यंत मागं बघत गेली. आक्का बघत उभी राहिली नाही. ती आत येऊन रिकामी गव्हाण झाडायला लागली.

काम सुरू झालं. गल्ली अरुंद, जेसीबी आत यायचा प्रश्नच नव्हता. सगळं पहार, टिकाव, फावडं आणि घमेल्यांनी. कृष्णात मिस्त्री बोलका माणूस, आणि त्याच्या हाताखाली मानसिंग नावाचा गडी, तो तेवढाच मुका. आधी पत्रा उतरवला. मग गव्हाणीचे दगड निघाले. वर्षानुवर्षं जनावरांच्या जिभा फिरून ते दगड आतून असे गुळगुळीत झालेले, की त्यात तोंड दिसावं. आक्का म्हणाली, "हे टाकायचं न्हाईत. कट्ट्याला घ्या."

"आवं आक्का, फरशी सांगितलीया इश्वजितरावानं. चकाचक."

"फरशी तुमची मिशीन घासणार. ह्यास्नी जनावरांनी घासलंय. कुठलं चांगलं?"

मिस्त्री हसला. "तुमाला मुकादम करूनच काम घ्याय पायजे व्हतं मी."

खुंटा उपटायच्या दिवशी तिनं खुंट्याला हळदकुंकू लावलं, पाणी घातलं, मग बाजूला झाली. तो खुंटा काही केल्या निघेना. मानसिंगनं पहार घालून घालून घाम गाळला. नानासोनं रोवलेला होता तो, बाभळीचा. निघाला तेव्हा खालचं टोक अजून पिवळंजर्द होतं. आक्कानं तो धुऊन माळ्यावर टाकला.

मग चुन्याची फक्की मारून चौकोन आखला. काळी माती गुडघाभर काढून टाकली, कारण काळ्या मातीवर बांधलेलं टिकत नाही. ती पाण्यानं फुगते, उन्हानं फाटते. त्या जागी मुरूम भरायचा, पाणी मारायचं, धुम्मस मारून, ठोकून ठोकून बसवायचा. पाण्याची नळी धरून मिस्त्री चारी कोपऱ्यांची पातळी बघायचा. परड्याचा रोज नवा चेहरा दिसायला लागला. मला तर भिंतीवरून बघताना चुकल्यासारखं व्हायचं. इतकी वर्षं ज्या जागेला वास होता, आवाज होता, तिथं लाल मुरूम आणि पांढऱ्या रेघा.

राहिला होता उकिरडा. परड्याच्या उगवतीच्या कोपऱ्यात छातीइतका खोल खड्डा. मंडपाचा एक खांब नेमका त्यावर येत होता. दर साल उन्हाळ्यात त्यातलं खत शेतात जायचं आणि परत वर्षभर तो भरायचा. या साली खत काढून तो कायमचा बुजवायचा होता.

उकिरड्याला आमच्याकडं घाणीची जागा समजत नाहीत. दिवाळीत उंबऱ्यावर, तुळशीपाशी, गोठ्यात पणत्या लावतो, तशी एक उकिरड्यावरही लावतो. तिथं लक्ष्मी असते असं आमच्या सासूबाई सांगायच्या, आणि मलाही ते पटतं, कारण शेतात जे पिकतं त्याची सुरुवात तिथं होते. आणि जशी धान्याची कणगी कधी तळापर्यंत खरवडायची नाही, मिठाची बरणी कधी पालथी करायची नाही, पीठ संपलं म्हणायचं नाही, वाढलं म्हणायचं, तसाच उकिरडा. खत नेताना तळाला थोडं ठेवायचं. विरजणासारखं. हे कुणी शिकवत नाही. हातच तिथं थांबतो.

खत नेलं त्या दिवशी कृष्णात मिस्त्री दुसरं काम बघायला रहिमतपूरला गेला होता. मानसिंग आणि ट्रॉलीवरची दोन माणसं खत काढत होती. दुपारपर्यंत खड्डा बराच खाली गेला. मग आक्का काठावर आली, आत वाकून बघितलं आणि म्हणाली, "झालं. बास आता."

मानसिंग म्हणाला, "आक्का, हातभर हाय अजून तळाला."

"असू दे. तळाला ऱ्हातंयच. टाक मुरूम."

मी भिंतीपाशी होते. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. माझ्या घरचा उकिरडा असता तर मीही तेच म्हटलं असतं. मंडपाचा, खांबाचा विचार माझ्या डोक्यात आला नाही. तिच्या आला होता की नाही, कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आला. खड्डा निम्मा मुरमानं भरलेला. त्यानं विचारलं, "आक्का, तळ लागला व्हता न्हवं? शेण ऱ्हायलं तर खांब बसायचा खाली."

आक्का चुलीसाठी शेणी मोडत होती. वर न बघता म्हणाली, "लागला."

पुढचं काम भराभर झालं. जोत्याला दगड लागले. खांबांचे पाय काँक्रिटात धरले. कोपऱ्यातल्या खांबाचा पाया भरलेल्या मुरमातच घेतला, कारण मिस्त्रीच्या हिशेबानं खाली सगळं पक्कं होतं. मग रोज सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचं काम आक्काकडं आलं. नळी घेऊन ती जोत्याभोवती फिरायची. त्या जागेत तिला करायला तेवढंच उरलं होतं. संध्याकाळी पाणी मारून झालं, की रिकाम्या परड्यात उभी राहायची. एकदा मी म्हटलं, "आक्का, या की इकडं, चहा टाकलाय." ती म्हणाली, "धारंची येळ हाय गं." आणि मग स्वतःच्याच बोलण्यावर हसली.

ते पाणीच बाधलं. वरून पाणी मुरत गेलं, खालचं शेण दबत गेलं. विश्वजित यायचा होता त्या सकाळी कोपऱ्यातला खांब टीचभर खाली गेलेला, बाहेर झुकलेला, आणि जोत्याला ही मोठी भेग.

विश्वजित आला तो बॅग ओसरीवर टाकून सरळ परड्यात. मिस्त्री ओळंबा सोडून बघत होता. त्याचा चेहरा उतरलेला. गावात त्याचं नाव होतं, त्याच्या हातचा खांब आजवर वाकडा गेला नव्हता. आवाज ऐकून मीही भिंतीपाशी आले.

"ए मानसिंगा," मिस्त्री ओरडला, "धुम्मस मारलंस का नुसतं मालिश केलंस रं जमिनीला?"

"आईच्यान मारलंय मिस्त्री. हाताला फोड आलं."

"मारलंस तर मग ह्यो खांब वाकून मुजरा कुणाला कराय लागलाय? तुला का मला?"

मानसिंग खाली मान घालून उभा. त्याला हातभर शेण आठवत असणार. पण आक्का समोर उभी होती, आणि तो तिच्या घरचं पाणी प्यायला होता.

विश्वजित मिस्त्रीला म्हणाला, "उद्यापासनं हा गडी नगं. दुसरा बघा."

"त्याला बोलू नगा," आक्का म्हणाली.

सगळे वळले. तिच्या हातात पाण्याची नळी तशीच, पाणी पायावर सांडतंय.

"तळ मी ठेवलाय. त्यो सांगत व्हता, मीच न्हाई काढू दिला. मिस्त्रींनी इचारलं तवा लागला म्हणलं."

मिस्त्रीनं ओळंबा गुंडाळला. "आवं आक्का..." एवढंच तो म्हणाला, आणि मानसिंगच्या खांद्यावर हात ठेवला. मग दोघं मिळून कोपरा उकरायला लागले. खांब काढून आडवा ठेवला. मुरूम बाजूला केला. खाली आलं ते काळंभोर, ओलं, भुसभुशीत खत, त्यात गांडुळं वळवळत होती. विश्वजितनं बूट काढले आणि खड्ड्यात उतरला. एक मूठ हातात घेऊन बघत राहिला.

"आई, खोटं बोललीस तू?"

"व्हय."

"मिस्त्रीसंगं? तू?"

"देवाला म्हायती व्हतं. तुमाला सांगायचं तेवढं ऱ्हायलं."

मिस्त्रीला हसू आवरेना. विश्वजित मात्र हसला नाही.

"पर का?"

"तळ ऱ्हावा लागतोय रं. कणगी कवा खरवडून घेटलीया का मी? तळ घासला, म्हंजी आता भरायचं न्हाई असं सांगितल्यागत हुतंय."

"मग भरायचं न्हाईच की आता! जनावर न्हाई तर उकिरडा कशाला लागतोय?"

आक्कानं नळी खाली ठेवली. आपल्या हाताकडं बघितलं, तोच हात, मोडून बसलेला, मनगटात जरा वाकडा.

"त्ये मला कळतंय बाबा," ती म्हणाली. "हाताला कळंना."

विश्वजित खड्ड्याच्या काठावर बसला. ती मूठ त्यानं सोडली नव्हती. मग हळू आवाजात बोलायला लागला, आमच्याकडं न बघता.

"मला काय म्हस नगं व्हती? तिच्या आयच्या दुधावर मी भरतीला पळालोय. पर तिकडं फोनला रेंज न्हाई. टेकडीवर जावं लागतं. रेंज आली की सृष्टीचा मेसेज येतोय. त्यात पहिला शब्द 'आई' दिसला, की म्होरचं वाचाय भ्या वाटतं मला. मोबाइल खिशात घालून तसाच उभा ऱ्हातोय थोडा वेळ."

सृष्टी दारात उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला. मला वाटतं तिलाही हे माहीत नव्हतं.

आक्का त्याच्याजवळ गेली. डोक्यावर हात वगैरे फिरवला नाही. त्यांच्या घरात तसली रीत नाही. ती म्हणाली, "मंडप घाल. बसंन मी. शबूद देते. पर म्होरं बघाय काय ठेवणार हाईस? भित? हिच्या घराची भित बघत बसू दिसभर? हिची भांडी मोजू?"

आता माझ्यावर बेतलं म्हटल्यावर मला बोलावंच लागलं. "मोजा की. दोन चमचं कवापासनं सापडंनात मला."

तेव्हा विश्वजित हसला. मान खाली घालून, खांदे हलवत.

मिस्त्रीनं संधी साधली. "हवालदारसाहेब, एक बोलू? ही उकरलेली जागा आता बसाय येळ लागणार. हे कोपरं सोडून देऊ. मंडप एक खण अलीकडं घिऊ, हाय त्या पक्क्या जमिनीवर. मग हितं एका जनावरापुरता आडोसा हुतोय. एकाच, बरं का आक्का."

पहिली सृष्टी बोलली. "शेण मी काढणार नाही. आत्ताच सांगते. शाळेत पोरं नाक धरतात."

"तुला कोण म्हणतंय?" आक्का म्हणाली.

"तू बी काढायचं न्हाई," विश्वजित म्हणाला. "तसं असंल तरच. शेण न्हाई, पाण्याच्या बादल्या न्हाईत."

"मग कोण काढणार? तू येणार हाईस व्हय टेकडीवरनं?"

तेवढ्यात मानसिंग बोलला. सबंध कामात त्याचं ते सगळ्यात लांब बोलणं. "मी काढीन की सकाळचं. माझी वाटच हाय हिकडनं. धुम्मस मारण्यापरास सोपं."

आक्कानं त्याच्याकडं बघितलं. ज्याचं काम तिच्या खोट्यापायी जाणार होतं, तोच पुढं आला होता. ती आत जाऊन त्याच्यासाठी भाकरी-भाजीचं ताट घेऊन आली आणि मिस्त्रीच्या आधी त्याच्या हातात दिलं.

"धार मात्र मीच काढणार," ती विश्वजितला म्हणाली.

"बसून."

"धार काय उभ्यानं काढत्यात व्हय, येड्या?"

"उकिडवं न्हाई. कट्ट्यावर बसून. कट्टा तेवढ्याच उंचीचा घ्या मिस्त्री. आन् फरशी घासलेली नगं. छिन्नीनं टाके मारून खडबडीत करा. धरायला पाइप लावा." हवालदार आता आर्डर सोडायला लागला होता. आम्ही सगळ्यांनी हायसं होऊन ऐकलं.

महिन्याच्या सुट्टीत त्यानं ते काम उभं राहून करून घेतलं. काही दिवस स्वतः धुम्मस मारलं. उकरलेला कोपरा खालपर्यंत साफ केला, या वेळी अगदी दगड लागेपर्यंत. आक्का काठावर होती, एकदाही "बास" म्हणाली नाही. फक्त त्या काळ्या खताची एक पाटी तिनं बाजूला काढून झाकून ठेवली. मग खड्डा मुरमानं भरला. परड्याच्या पार टोकाला, मंडपापासून लांब, मानसिंगनं गुडघाभर खोल नवा खड्डा घेतला. गव्हाणीचे ते गुळगुळीत दगड कट्ट्याला लागले, आणि त्यातले दोन परत गव्हाणीला.

वैशाख संपता संपता वास्तूची पूजा झाली. छोटीशीच. मंडपाच्या खांबांना आंब्याचे डहाळे बांधले होते. भटजींनी आक्काला कट्ट्यावर बसवलं होतं, नवं लुगडं, ओटीत नारळ, समोर सगळ्या गल्लीतल्या बाया. ती बसली होती खरी, पण टोकाला, एक पाय खाली टेकून, कधी उठावं लागेल त्याच्या तयारीत. माझ्या मनात आलं, शब्द दिला म्हणून बसली आहे. देवा, हिला बसण्याचं ओझं होऊ देऊ नकोस.

प्रसाद वाटत होतो तेवढ्यात गल्लीतून धोंडुबाईची हाळी आली, "व्हा बाजूला, पाटलीण आली!"

भुरी आली. तेच दावं, तेच खाली वळलेलं शिंग. तिच्यासाठी नवा आडोसा कोपऱ्यात तयार, वैरण टाकलेली. पण भुरीला कुणी सांगितलं होतं? ती सरळ चालत आली, बायांच्या मधून, रांगोळीवरून, आणि तिचा जुना खुंटा जिथं होता तिथं, म्हणजे मंडपाच्या बरोबर मध्ये, येऊन उभी राहिली. मान वळवून आक्काकडं बघितलं. आणि तिथंच, नव्या फरशीवर, भला मोठा पो टाकला.

बाया पदर तोंडाशी धरून हसायला लागल्या. भटजी सोवळं सावरत मागं सरले. धोंडुबाई म्हणाली, "झाली बघ तुझी वास्तूशांत."

आक्काचा हात आपोआप ओटीतल्या नारळाकडं गेला. तो बाजूला ठेवून ती उठायला निघाली. अर्धी उठलीच. मी तिच्याकडं बघत होते, आणि विश्वजितही. त्यानं पूजेचं धोतर खोचलं, कोपऱ्यातली रिकामी पाटी उचलली आणि दोन्ही हातांनी शेण भरायला लागला. हवालदाराच्या कपाळावर गंध, खांद्यावर उपरणं, आणि हात कोपरापर्यंत बरबटलेले.

आक्का खाली बसली. या वेळी टोकाला नाही, पाठ खांबाला टेकून. दोन्ही पाय वर घेतले, मांडी घातली. भुरीनं पुढं होऊन तिच्या बाजूला ठेवलेला नारळ हुंगला.

विश्वजित पाटी घेऊन नव्या खड्ड्याकडं गेला.

"आरं, आधी त्ये जुनं टाक तळाला," आक्कानं बसल्या जागेवरून हाक दिली. "झाकून ठेवलंय बघ. त्याच्यावर हे."

त्यानं जुनी पाटी आणली, रिकामी केली. मग नवी उचलली.

"काठावर नगं. मधी टाक, मधी."

"टाकतोय की आई."

"टाकतोय म्हणं," ती भुरीला म्हणाली. "बघ गं बाई, कसं टाकतोय त्ये."